विंडोज ११ चा बदललेला चेहरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज ११ बाजारात आलं ५ ऑक्टोबर २०२१ ला, पण 'हे काय करून ठेवलंय?' अशा प्रश्नांचा लोंढा पुन्हा सुरू झाला तो १४ ऑक्टोबर २०२५ नंतर. त्या दिवशी विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबली आणि चार वर्षं टाळाटाळ केलेली माणसंही इकडे आली. खालची उत्तरं २४एच२ आणि २५एच२ (म्हणजे २०२४ आणि २०२५ च्या दुसऱ्या सहामाहीतल्या) या आवृत्त्यांना धरून, २०२५ च्या अखेरची स्थिती पाहून दिली आहेत. मेनूंची नावं पडद्यावर दिसतात तशीच, फक्त देवनागरीत लिहिली आहेत.

कोणतीही तक्रार सोडवायच्या आधी एक गोष्ट ठरवा: वस्तूची जागा बदललीय, ती सोय काढूनच टाकलीय, की खरोखर काही बिघडलंय? जागा बदलली असेल तर सेटिंग शोधावं, सोय काढली असेल तर दुसरी वाट, आणि बिघाड असेल तरच दुरुस्ती. सोय काढलेली असताना दुरुस्ती करत बसणाऱ्यांचा सगळ्यात जास्त वेळ वाया जातो.

१. स्टार्टचं बटण मधोमध का आलं? डावीकडे कसं न्यायचं?

टास्कबारच्या, म्हणजे पडद्याच्या तळाच्या पट्टीच्या, रिकाम्या जागेवर उजवी क्लिक करा आणि 'टास्कबार सेटिंग्ज' निवडा. खाली 'टास्कबार बिहेव्हियर्स' उघडून 'टास्कबार अलाइनमेंट'मध्ये 'लेफ्ट' करा. संगणक पुन्हा सुरू करावा लागत नाही.

ही तक्रार केवळ सवयीची आहे असं म्हणून तिला उडवून लावू नये. चिन्हं मधोमध असली की जितके प्रोग्रॅम उघडाल तितकं स्टार्टचं बटण डावीकडे सरकत जातं, म्हणजे दर वेळी नजरेनं शोधावं लागतं. कोपऱ्यातलं बटण मात्र माउस न बघता ढकलला तरी सापडतं. रुंद मॉनिटरवर मधली मांडणी सोयीची वाटते, चौदा इंची लॅपटॉपवर डावीच बरी. ज्यांचं बोट विंडोज कळीवर असतं त्यांना दोन्हीत काहीच फरक पडत नाही.

२. टास्कबार वर किंवा बाजूला नेता येत नाही का?

२०२५ अखेरपर्यंत तसा अधिकृत पर्याय नव्हता. विंडोज ११ चा टास्कबार जुन्यात दुरुस्ती करून केलेला नाही, तो नव्याने बांधला. बांधताना बऱ्याच जुन्या सोयी राहून गेल्या, त्यातली ही एक. सुरुवातीच्या आवृत्तीत रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंगांच्या साठ्यात) एक आकडा बदलून टास्कबार वर जात असे. २२एच२ पासून ती युक्ती चालत नाही, तरी तिचे व्हिडिओ अजून फिरतात. त्यामागे लागू नका. टास्कबारवर फोल्डरचा किंवा पत्त्याचा टूलबार लावायची सोयही अशीच गेली. त्याऐवजी 'पर्सनलायझेशन > स्टार्ट > फोल्डर्स' मध्ये डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स वगैरे चालू करा, म्हणजे ती स्टार्टमध्ये पॉवरच्या बटणाशेजारी दिसतील.

३. एक्सेलच्या चार फायली एकाच चिन्हाखाली जातात. प्रत्येकीचं नाव वेगळं कसं दिसेल?

'टास्कबार बिहेव्हियर्स > कंबाइन टास्कबार बटन्स अँड हाइड लेबल्स' यात 'नेव्हर' निवडा. दोन मॉनिटर असतील तर दुसऱ्यासाठी त्याच्याच खाली वेगळा पर्याय आहे, तोही बदलावा लागतो. 'माझ्या मुख्य पडद्यावर झालं, दुसऱ्यावर नाही' याचं कारण बहुधा हेच असतं.

ही सोय २०२१ मध्ये नव्हती, सप्टेंबर २०२३ मध्ये परत आली. हा पर्यायच दिसत नसेल तर तुमचं विंडोज जुनं आहे. विंडोज + आर दाबून इंग्रजीत 'विनव्हर' (winver) टाइप केलं की आवृत्ती कळते.

४. टास्कबार जाड वाटतो. बारीक करता येतो का?

२०२५ च्या मध्यात 'शो स्मॉलर टास्कबार बटन्स' हा पर्याय त्याच पानावर आला. 'ऑलवेज' केलं की चिन्हं लहान होतात, पण पट्टीची उंची तेवढीच राहते. गर्दी झाली तरच लहान करायची असतील तर 'व्हेन टास्कबार इज फुल' ठेवा. उभी जागा हवी असेल तर 'ऑटोमॅटिकली हाइड द टास्कबार' हा एकच खरा उपाय.

५. स्टार्ट मेनूतल्या हलत्या चौकटी कुठे गेल्या? आणि हे 'रेकमेंडेड' काय आहे?

हलत्या चौकटी, म्हणजे लाइव्ह टाइल्स, कायमच्या गेल्या. हवामान आणि बातम्या आता विजेट्समध्ये आहेत (प्रश्न ११). चौकटींच्या जागी 'पिन्ड' म्हणजे तुम्ही टाचलेले प्रोग्रॅम आणि 'रेकमेंडेड' म्हणजे अलीकडे उघडलेल्या फायली, नवे प्रोग्रॅम आणि अधूनमधून सुचवण्या असे दोन भाग आले.

लोकांचा राग मुख्यतः 'रेकमेंडेड'वर आहे, आणि तो रास्त आहे. वर्गात किंवा बैठकीत संगणक प्रोजेक्टरला जोडला असताना स्टार्ट उघडला की शेवटच्या फायलींची नावं सगळ्यांसमोर येतात. पगारपत्रक, आजारपणाचे अहवाल, काहीही. 'सेटिंग्ज > पर्सनलायझेशन > स्टार्ट' मध्ये जाऊन अलीकडच्या फायलींचा आणि सुचवण्यांचा, असे दोन्ही पर्याय बंद करा. जुन्या स्टार्ट मेनूत इतकं करूनही तो भाग जात नसे, रिकामी जागा तशीच राही. तिथे 'मोअर पिन्स' ही मांडणी घेतली की ती जागा कमी होते.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये नवा स्टार्ट मेनू यायला लागला. त्यात सगळं एकाच सरकत्या पानावर असतं, 'ऑल'ची यादी खालीच दिसते आणि 'रेकमेंडेड' पूर्ण घालवता येतं. तुमच्याकडे तो अजून आला नसेल तर प्रश्न १८ पाहा.

६. 'रेकमेंडेड' बंद केलं आणि वर्डच्या चिन्हावर उजवी क्लिक केल्यावर दिसणाऱ्या फायलीही गेल्या. असं कसं?

बिघाड नाही, तो एकच स्विच आहे. त्याचं पूर्ण नाव वाचलं तर कळतं: स्टार्टमधल्या सुचवलेल्या फायली, फाइल एक्सप्लोररमधल्या (फोल्डर उघडणाऱ्या खिडकीतल्या) अलीकडच्या फायली आणि जंप लिस्ट, म्हणजे चिन्हावरच्या उजव्या क्लिकची ती यादी, हे तिन्ही त्याला बांधलेले आहेत. एक ठेवून दुसरं काढता येत नाही. जंप लिस्टशिवाय तुमचं चालत नसेल तर स्विच चालू ठेवा आणि नको ती फाइल 'रेकमेंडेड'मध्ये उजवी क्लिक करून यादीतून काढा. वर्ड, एक्सेलच्या आतली अलीकडच्या फायलींची यादी वेगळी असते, तिला धक्का लागत नाही.

७. उजव्या क्लिकचा जुना मेनू कसा आणायचा? दर वेळी 'शो मोअर ऑप्शन्स' दाबून कंटाळा आला.

शिफ्ट दाबून ठेवून उजवी क्लिक करा, जुना मेनू थेट येतो. कळफलकावरून शिफ्ट + एफ१०. बहुतेकांना एवढं पुरतं.

हा बदल का केला ते समजून घेण्यासारखं आहे. विंडोज एक्सपीच्या काळापासून कोणताही प्रोग्रॅम या मेनूत आपली ओळ घुसवू शकत होता आणि त्या ओळीचं काम एक्सप्लोररच्या पोटातच चालायचं. एखादा प्रोग्रॅम अडखळला की मेनू उघडायला वेळ लागे किंवा एक्सप्लोररच कोसळे. नव्या मेनूत फक्त नव्या पद्धतीनं नोंद केलेल्या ओळी येतात, उरलेल्या जुन्या मेनूत राहतात. म्हणून नेमकी रोजची ओळ 'शो मोअर ऑप्शन्स'च्या मागे गेलेली दिसते.

रजिस्ट्रीत चालू वापरकर्त्याच्या खात्याखाली एक रिकामी किल्ली जोडून जुना मेनू कायमचा आणता येतो आणि हा उपाय चालतो. मात्र एकाच संगणकावर दोन खाती असतील तर दोन्हीकडे वेगळं करावं लागतं. शिफ्टची सवय लावणं स्वस्त पडतं.

डेस्कटॉपवरचं 'रिफ्रेश' नव्या मेनूतही आहे, आणि एफ५ तर आहेच. त्यानं संगणकाचा वेग वाढत नाही, पूर्वीही वाढत नव्हता.

८. विनरार किंवा ७-झिपच्या ओळी मेनूत दिसत नाहीत.

विनरारची ६.१० किंवा त्यापुढची आवृत्ती टाकली तर ती नव्या मेनूत दिसते. ७-झिपच्या ओळी जुन्या मेनूतच राहतात, त्यामुळे शिफ्टची युक्ती वापरा. खरं तर नुसती फाइल उघडायची असेल तर कशाचीच गरज नाही. २०२३ च्या सप्टेंबरपासून विंडोज स्वतः रार, ७झेड आणि टार या गठ्ठा बांधलेल्या फायली उघडतं, आणि २४एच२ मध्ये ७झेड व टार बनवतंही. पासवर्ड घातलेल्या फायलींसाठी मात्र वेगळा प्रोग्रॅम ठेवलेला बरा.

९. कट, कॉपी, रिनेम कुठे गेले? फोल्डरमधल्या ओळी एवढ्या लांब लांब का? आणि 'धिस पीसी'ऐवजी 'होम' का उघडतं?

कट, कॉपी, पेस्ट, रिनेम, डिलीट ही आता मेनूच्या कडेला चिन्हांच्या रूपात आहेत. नुसती चिन्हं ओळखू येत नाहीत अशी ओरड झाली म्हणून २४एच२ मध्ये त्यांच्याखाली नावं आली. कळफलकानं काम करणाऱ्यांचं काहीच बदललेलं नाही, एफ२ नं नाव बदलतं.

ओळींमधलं अंतर बोटानं वापरायच्या पडद्यांसाठी वाढवलं आहे. 'व्ह्यू > कॉम्पॅक्ट व्ह्यू' केलं की जुन्याइतकं होतं. फायलींची विस्तारनावं (नावाच्या शेवटी टिंबानंतर येणारा प्रकार) 'व्ह्यू > शो > फाइल नेम एक्स्टेन्शन्स' इथून चालू करा. हे प्रत्येकानं करावं, कारण 'बिल.पीडीएफ' या नावाआड लपलेली चालवायची फाइल त्याशिवाय ओळखू येत नाही. 'धिस पीसी'साठी वरच्या तीन टिंबांतून 'ऑप्शन्स' उघडा आणि 'ओपन फाइल एक्सप्लोरर टू' बदला.

१०. कंट्रोल पॅनल काढून टाकलं का? प्रिंटर तिथे सापडत नाही.

काढलेलं नाही. स्टार्टमध्ये 'कंट्रोल' टाइप केलं की येतं. पण त्यातल्या काही ओळी आता सेटिंग्जकडे वळवल्या आहेत आणि प्रिंटर त्यातलाच. 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस > प्रिंटर्स अँड स्कॅनर्स' इथे जा. जुनी खिडकीच हवी असेल तर 'डिव्हायसेस'च्या पानावर खाली 'मोअर डिव्हायसेस अँड प्रिंटर सेटिंग्ज' आहे.

दुकानांतून आणि झेरॉक्स सेंटरांतून येणारी तक्रार वेगळी असते: पावतीच्या प्रिंटरवर ए४ जातं आणि ए४ च्या प्रिंटरवर पावती. याचं कारण 'लेट विंडोज मॅनेज माय डिफॉल्ट प्रिंटर'. ते चालू असलं की शेवटचा वापरलेला प्रिंटर मुख्य ठरतो. 'प्रिंटर्स अँड स्कॅनर्स'मध्येच ते बंद करा, मग हव्या त्या प्रिंटरवर जाऊन 'सेट अॅज डिफॉल्ट' करा.

११. विजेट्स, बातम्या, कोपायलट नको आहे. सगळं कसं काढायचं?

'टास्कबार सेटिंग्ज'मध्ये 'विजेट्स' बंद करा. हवामान पाहिजे पण माउस नुसता वरून गेला की उघडणारा फलक नको, तर फलकातल्या सेटिंग्जमध्ये 'ओपन विजेट्स बोर्ड ऑन हव्हर' बंद करा. शोधाची लांब पट्टी टास्कबार सेटिंग्जमधूनच चिन्हाएवढी करता येते किंवा लपवता येते. कोपायलट (मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस) हा साधा प्रोग्रॅम आहे, उजवी क्लिक करून 'अनइन्स्टॉल' चालतं.

सूचनांच्या रूपात येणारा प्रचार वेगळ्या ठिकाणी थांबवावा लागतो. 'सिस्टिम > नोटिफिकेशन्स' मध्ये अगदी खाली 'अॅडिशनल सेटिंग्ज' उघडा आणि त्यातल्या खुणा काढा.

१२. वायफाय, आवाज, बॅटरी एकाच बटणात गेले. घड्याळाजवळची चिन्हंही गायब होतात.

तिन्ही मिळून आता 'क्विक सेटिंग्ज' आहे, विंडोज + ए. कॅलेंडर आणि सूचना विंडोज + एन. आवाजाच्या चिन्हावर माउस ठेवून चाक फिरवलं तरी आवाज कमीजास्त होतो, फलक उघडावा लागत नाही. प्रत्येक प्रोग्रॅमचा आवाज वेगळा करायला कंट्रोल + विंडोज + व्ही.

घड्याळाजवळची 'सगळी चिन्हं नेहमी दाखवा' ही एकगठ्ठा सोय गेली. आता 'टास्कबार सेटिंग्ज > अदर सिस्टिम ट्रे आयकॉन्स' मध्ये एकेक चालू करायचं. नवा प्रोग्रॅम टाकला की तो पुन्हा लपलेल्यांत जातो, तेव्हा परत यावं लागतं. इथे माघार झाली आहे हे मान्य करायला हवं.

१३. क्रोम किंवा फायरफॉक्स मुख्य ब्राउझर केला तरी दुवे एजमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरमध्ये) उघडतात.

'अॅप्स > डिफॉल्ट अॅप्स' मध्ये आपला ब्राउझर निवडा आणि वरचं 'सेट डिफॉल्ट' दाबा. २०२१ मध्ये हे बटण नव्हतं, प्रत्येक फाइल प्रकारासाठी वेगळं निवडावं लागे. मार्च २०२२ च्या अपडेटनं ते आलं. पीडीएफ वेगळं तपासा, त्याच पानावर वरच्या चौकटीत टिंब आणि मग इंग्रजीत पीडीएफ असं लिहून. भारतात विजेट्स आणि टास्कबारच्या शोधातून उघडणारे दुवे मात्र तुमची निवड न मानता एजमध्येच जातात. तो बिघाड नाही.

१४. मराठी टायपिंगचं काय झालं? भाषा बदलली की दोन-तीन इंग्रजी कळफलक फिरतात.

'टाइम अँड लँग्वेज > लँग्वेज अँड रिजन' मध्ये मराठी जोडा. जोडताना 'सेट अॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज'ची खूण दिसली तर काढा, नाहीतर सगळे मेनू मराठी होतील आणि वरचे मार्ग जुळणार नाहीत. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांतून 'लँग्वेज ऑप्शन्स > अॅड अ कीबोर्ड'. नुसतं 'मराठी' म्हणजे इनस्क्रिप्ट, कळीगणिक देवनागरी अक्षर ठरलेली मांडणी. इंग्रजी अक्षरांत लिहून देवनागरी हवं असेल तर 'मराठी फोनेटिक'. दोन्ही ठेवलेत तर विंडोज + स्पेसनं दोन्ही फिरतील, म्हणून लागतो तेवढाच ठेवा.

जास्तीचे इंग्रजी कळफलक येतात ते यादीत 'इंग्लिश इंडिया' आणि 'इंग्लिश युनायटेड स्टेट्स' अशा दोन्ही भाषा असल्यामुळे. एक काढा. काढता येत नसेल तर ती पडद्याची भाषा असते, तेव्हा दुसरी काढायची.

एका खिडकीत मराठी आणि दुसरीत इंग्रजी आपोआप राहावी असं हवं असेल तर 'टायपिंग > अॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' मध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत ठेवायची खूण करा. भाषांतर करणाऱ्यांना आणि डीटीपीवाल्यांना याचा फार उपयोग होतो. ऑल्ट + शिफ्टनं चुकून भाषा बदलत असेल तर त्याच पानावरच्या 'इनपुट लँग्वेज हॉट कीज'मधून ती जोडी काढून टाका.

१५. नव्या लॅपटॉपवर जुन्या मराठी फायलींची पानं सरकली. 'मंगल' फॉन्टच नाही!

मंगल काढलेला नाही, तो ऐच्छिक झालाय. विंडोज १० पासून मंगल, अपराजिता, कोकिळा, उत्साह हे 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' या गठ्ठ्यात गेले. आधीपासून असलेलं देवनागरी म्हणजे निर्मला यूआय. ज्यांनी विंडोज ७ पासून एकाच संगणकावर बढती (अपग्रेड) घेत वाट काढली त्यांच्याकडे मंगल टिकून राहिला, कोऱ्या विंडोज ११ वर तो नसतो. मग वर्ड दुसरा फॉन्ट लावतो, अक्षरांची रुंदी बदलते, एक पानाचा अर्ज सव्वा पानाचा होतो.

'सिस्टिम > ऑप्शनल फीचर्स > व्ह्यू फीचर्स' मध्ये इंग्रजीत 'देवनागरी' शोधा आणि गठ्ठा टाका. इंटरनेट लागतं. कार्यालयाच्या जाळ्यावर अपडेट स्थानिक सर्व्हरवरून येत असतील तर हा गठ्ठा उतरत नाही. ते काम प्रशासकाकडून करून घ्यावं. फाइल दुसऱ्याला पाठवायची असेल तर वर्डमध्ये 'फाइल > ऑप्शन्स > सेव्ह' इथे 'एम्बेड फॉन्ट्स इन द फाइल' करा, किंवा सरळ पीडीएफ पाठवा.

कृतिदेव किंवा जुन्या श्री-लिपीतल्या फायलींत अक्षरांऐवजी इंग्रजी खुणांचा कचरा दिसत असेल तर त्याचा विंडोज ११ शी संबंध नाही. ते फॉन्ट युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरसंकेतांचे, नव्हेत. मूळ फॉन्ट टाकला तर मजकूर दिसेल, पण शोधता येणार नाही. तो युनिकोडमध्ये बदलून घेणं उत्तम.

१६. सगळे मेनू मराठीत करायचे आहेत, पण भाषा बदलायचा पर्यायच बंद आहे.

'सिस्टिम > अबाउट' मध्ये आवृत्तीचं नाव बघा. 'होम सिंगल लँग्वेज' असेल तर पडद्याची भाषा बदलत नाही. भारतात विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर हीच आवृत्ती असते. कळफलक मात्र हवे तितके जोडता येतात, त्यामुळे प्रश्न १४ मधलं सगळं चालतं.

१७. विंडोज ११ झाल्यापासून डेस्कटॉपवरच्या फायली ढगाचं चिन्ह दाखवतात. काही तर गेल्याच!

हा चेहऱ्याचा बदल नाही, पण त्याच्याबरोबर आलेला आहे. मायक्रोसॉफ्टच्या खात्यानं विंडोज लावताना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हकडे (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्याकडे, म्हणजेच 'ढगाकडे') वळवले जातात. मोफत जागा ५ जीबी, ती भरली की इशारे सुरू होतात.

बंद करायला वनड्राइव्हच्या चिन्हावरून 'सेटिंग्ज > सिंक अँड बॅकअप > मॅनेज बॅकअप'. इथे लोक घाबरतात, कारण बंद केल्यावर डेस्कटॉप रिकामा दिसू शकतो. फायली वनड्राइव्हच्या फोल्डरातल्या 'डेस्कटॉप'मध्ये असतात. तिथून नेहमीच्या डेस्कटॉपवर हलवा आणि मगच वनड्राइव्ह काढायचं तर काढा. क्रम उलटा केलात तर केवळ ढगात असलेल्या फायली संगणकावर उरत नाहीत, संकेतस्थळावर जाऊन उतरवून घ्याव्या लागतात.

१८. दोघांकडे २५एच२ आहे. तिच्याकडे नवा स्टार्ट मेनू, माझ्याकडे जुना. का?

अपडेट एकच असलं तरी त्यातल्या सोयी मायक्रोसॉफ्ट टप्प्याटप्प्यानं चालू करते. फाइल तुमच्या संगणकावर आलेली असते, फक्त जागी झालेली नसते. 'विंडोज अपडेट'मधला 'गेट द लेटेस्ट अपडेट्स अॅज सून अॅज दे आर अव्हेलेबल' हा स्विच चालू केला की तुमचा क्रमांक लवकर लागतो, आणि नव्या दोषांनाही आधी तोंड द्यावं लागतं. कामाच्या संगणकावर तो बंदच ठेवा. शिकवणीवर्गात किंवा कार्यालयात सूचनापत्रक बनवत असाल तर पडद्याचे फोटो एका संगणकावरून घेऊन सगळीकडे तसंच दिसेल असं धरू नका.

१९. आई-बाबा दुसऱ्या गावी आहेत. त्यांना हे सगळं फोनवर कसं समजावायचं?

समजावू नका, दोघांच्याही संगणकावर 'क्विक असिस्ट' (दुसऱ्याचा संगणक दुरून हाताळू देणारा प्रोग्रॅम) उघडा: कंट्रोल + विंडोज + क्यू. मदत करणाऱ्यानं मायक्रोसॉफ्ट खात्यानं आत शिरून संकेतांक घ्यायचा, त्यांनी तो टाकायचा. त्यांना खातं लागत नाही. एकदाच बसून पुढचं करून टाका: स्टार्ट डावीकडे (प्रश्न १), बटणांवर नावं (प्रश्न ३), विजेट्स बंद (प्रश्न ११), 'अॅक्सेसिबिलिटी > टेक्स्ट साइझ' मध्ये अक्षर मोठं. तो सरकता दांडा २२५ टक्क्यांपर्यंत जातो, पण १३०-१४० च्या पुढे काही जुन्या प्रोग्रॅमांत अक्षरं कापली जातात. त्यापेक्षा मोठं हवं असेल तर 'डिस्प्ले > स्केल' वाढवा.

आणि त्यांना बजावून ठेवा: बँकेतून किंवा 'मायक्रोसॉफ्टमधून बोलतोय' म्हणून कुणी हाच क्विक असिस्ट उघडायला सांगितला तर फोन ठेवून द्यायचा.

२०. नवं रूप आल्यापासून संगणक हळू झालाय असं वाटतं. खरंच, की भास?

दोन्ही असू शकतं. 'अॅक्सेसिबिलिटी > व्हिज्युअल इफेक्ट्स' मध्ये 'ट्रान्स्परन्सी' आणि 'अॅनिमेशन' बंद करा. खिडक्या लगेच उघडू लागल्या तर तो हलण्याच्या देखाव्याला लागणारा वेळ होता. फरक पडला नाही तर 'अॅप्स > स्टार्टअप' बघा. ४ जीबी मेमरी ही विंडोज ११ ची किमान अट आहे, आरामाची नाही. त्यात जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर कुठलंही सेटिंग वाचवणार नाही. एसएसडी आणि ८ जीबी हाच उपाय.

२१. तक्रार करून काही उपयोग होतो का?

झालेला आहे. विंडोज ८ नं २६ ऑक्टोबर २०१२ ला स्टार्टचं बटणच काढलं होतं. वर्षभरात, १७ ऑक्टोबर २०१३ ला ८.१ मध्ये बटण परत आलं. पण ते दाबलं की तोच पूर्ण पडद्याचा स्टार्ट उघडे. खरा मेनू यायला २९ जुलै २०१५ चं विंडोज १० उजाडावं लागलं. विंडोज ११ मध्येही फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅमवर सोडण्याची सोय २०२२ च्या सप्टेंबरमध्ये परतली, टास्कबारवर उजवी क्लिक करून टास्क मॅनेजर उघडणं त्यानंतर, बटणांवरची नावं २०२३ मध्ये.

परत आलेल्या सोयींकडे पाहिलं तर दिसतं की 'अमुक काम आता दोन पायऱ्यांनी वाढलं' ही तक्रार टिकते, 'गोल कोपरे आवडले नाहीत' ही टिकत नाही. विंडोज + एफ नं 'फीडबॅक हब' उघडा. नवी तक्रार लिहिण्याआधी तीच आधी कुणी केलीय का ते शोधा आणि तिलाच मत द्या. दहा वेगळ्या नोंदींपेक्षा एका नोंदीवरची मतं मोजली जातात.

२२. नकोच हे, विंडोज १० वर परत जायचं आहे.

बढती घेऊन १० दिवस झाले नसतील तर 'सिस्टिम > रिकव्हरी > गो बॅक'. फायली राहतात, मधल्या काळात टाकलेले प्रोग्रॅम जातात. डिस्क साफ करताना आधीच्या विंडोजचा फोल्डर काढून टाकला असेल तर दहा दिवसांच्या आतही परतता येत नाही. मुळातच विंडोज ११ घेऊन आलेल्या लॅपटॉपवर हा पर्याय नसतो.

परत गेलात तर वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करा. ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळते, विंडोज १० ची २२एच२ आवृत्ती लागते. 'विंडोज अपडेट'च्या पानावरून नोंदणी होते: सेटिंग्जचा बॅकअप मायक्रोसॉफ्ट खात्यात ठेवला तर मोफत, नाहीतर १००० रिवॉर्ड गुण किंवा एकदाच ३० डॉलर. नवी सोय त्यात काहीच येत नाही.

२३. जुना टास्कबार आणणारा प्रोग्रॅम टाकला होता. अपडेटनंतर पडदा सारखा लुकलुकतो आणि टास्कबारच येत नाही.

स्टार्टऑलबॅक, एक्सप्लोररपॅचर यांसारखे प्रोग्रॅम एक्सप्लोररच्या आत शिरून त्याचं वागणं बदलतात. मायक्रोसॉफ्टनं आतली मांडणी बदलली की एक्सप्लोरर सुरू होतो, कोसळतो, पुन्हा सुरू होतो. लुकलुक त्याचीच. २४एच२ च्या वेळी अशा प्रोग्रॅमांच्या काही जुन्या आवृत्त्या असलेल्या संगणकांना बढतीच अडवली गेली होती.

कंट्रोल + शिफ्ट + एस्केपनं टास्क मॅनेजर उघडा, तो टास्कबारशिवायही उघडतो. 'रन न्यू टास्क' दाबून इंग्रजीत 'कंट्रोल' टाइप करा, 'अनइन्स्टॉल अ प्रोग्रॅम' मधून तो प्रोग्रॅम काढा आणि संगणक पुन्हा सुरू करा. लुकलुकीमुळे एवढंही करता येत नसेल तर सेफ मोडमध्ये (विंडोज फक्त गरजेपुरतं सुरू होतं त्या पद्धतीत) जा: लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून ठेवून 'रीस्टार्ट', मग 'ट्रबलशूट > अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स > स्टार्टअप सेटिंग्ज > रीस्टार्ट', आणि यादी आली की ४ दाबा. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर इथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात जपलेली असते, फोनवरून पाहून टाका. असे प्रोग्रॅम पुन्हा वापरायचे असतील तर मोठ्या अपडेटआधी काढा, आणि त्यांची नवी आवृत्ती आल्यावरच परत टाका.